धरायचं ते पानाला

पावसाची पहिली सर पडली की आमच्या सोसायटीत दह्याच्या रिकाम्या डब्यांना भाव येतो. बाल्कन्यांमधून टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं डोकावू लागतात. मग ती मोठ्या कुंडीत हलवायची वेळ येते आणि बरीचशी माना टाकतात. बोल लावला जातो बियाण्याला. दोष असतो आपल्या हाताचा.

बी रुजल्यावर दिसणारी पहिली दोन गुळगुळीत पानं ही बीजदलं, म्हणजे बियाण्यानं बरोबर आणलेली शिदोरी. त्यानंतर येतात ती खरी पानं. टोमॅटोची असतील तर कडेला कातरलेली. अशी दोन ते चार पानं आली की रोप हलवावं. फार लवकर हलवलं तर मुळांनी माती धरलेली नसते, फार उशीर केला तर ती डब्याच्या आत गरगर वेढे घालून बसतात.

हलवताना मात्र रोपाला काय परत येतं आणि काय नाही, एवढं डोक्यात पक्कं असावं. पान तुटलं तर दुसरं फुटतं, खोड एकच असतं. चिमटीत चेपलेलं कोवळं खोड वरून धड दिसतं, पण आतून पाण्याचा रस्ता बंद झालेला असतो. म्हणून सुटं रोप उचलायचं झालं, तर पानाला धरून.

पाणी शोषतात ते मुळांच्या टोकाजवळचे केसांसारखे बारीक मूलरोम. माती झडली की तेही तुटतात. तासभर आधी डब्यात पाणी घातलं तर मातीचा गड्डा एकसंध राहतो. खोडाच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून डबा उलटा करा, बुडावर टिचकी मारा, रोप अलगद हातात येतं. नारायणगावकडचा टोमॅटो उत्पादक प्रो-ट्रेमधलं, म्हणजे छोट्या खणांच्या ट्रेमधलं रोप पैसे मोजून घेतो, ते याचसाठी. ते कोकोपीटच्या गड्ड्यासकट निघतं. मुळा आणि गाजर मात्र हलवूच नयेत. काकडी-दोडक्यालाही मुळांना हात लावलेला खपत नाही. त्यांचं बी थेट मोठ्या कुंडीत टोचावं.

टोमॅटो बीजदलांपर्यंत खोल लावला तरी चालतो, कारण मातीत गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात. मिरची-वांगं आधी होतं तेवढ्याच खोलीवर ठेवा. कुंडीही एकदम बारा इंची नको. आधी चार इंची पुरते. एवढ्याशा मुळांना मोठ्या कुंडीतलं पाणी संपवता येत नाही, आणि पावसाळी हवेत ओली राहिलेली माती मुळं कुजवते.

हे काम संध्याकाळी करावं. पानांतून पाणी उडतच असतं आणि दुखावलेली मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत. म्हणून पुढचे तीन-चार दिवस सावली, मग सकाळचं कोवळं ऊन. दुपारी रोप मलूल दिसलं की लगेच तांब्या ओतू नका. बोट मातीत खुपसून बघा. ओल लागली तर हात आवरा. आठवडाभर रासायनिक खतही नको.

आणि शेजारच्या काकूंनी रोप मागितलं, तर उपटून हातावर ठेवू नका. मातीसकट द्या.