परत किती वाजता निघणार?

डिसेंबर लागला की कॉलेजच्या ग्रुपवर एक प्लॅन हमखास शिजतो. 'महाबळेश्वर, शनिवार-रविवार, चार गाड्या.' मग पुढचे चार दिवस मेसेजचा नुसता पाऊस. पहाटे किती वाजता निघायचं, मिसळ कुठे खायची, कुणाच्या मागे कोण बसणार (सगळ्यात लांब चर्चा हीच!), स्ट्रॉबेरी कुठल्या मळ्यात मिळेल. एक गोष्ट मात्र कुणीच लिहीत नाही. परत किती वाजता निघायचं? विचारलंच कुणी, तर उत्तर ठरलेलं : 'रविवारी संध्याकाळी निघू रे, बघू.'

दोस्तांनो, आज त्या 'बघू'बद्दल बोलायचंय.

जरा हिशेब करून बघा. मुंबई पॉइंटचा सूर्यास्त चुकवायचा नसतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मग सगळ्या गाड्या एकदमच निघतात आणि बाजारात कुणाला तरी घरी न्यायला चिक्की घ्यायची असते. म्हणजे सात वाजलेच. तिथून पुणं साधारण १२० किलोमीटर. शनिवारी रात्री गप्पांत झोप झालेली नाही, दुपारचं जेवण अर्धवट आणि अंगात फक्त हुडी.

महाबळेश्वर सुमारे ४,५०० फुटांवर आहे. कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. आपण ते फोटो लाइक करतो आणि हातमोजे न घेता निघतो. हाच ग्रुप लडाखला जाणार असेल ना, तर सहा महिने आधीपासून जॅकेट, थर्मल, हातमोजे यांच्या याद्या फिरतात. सह्याद्री म्हणजे घरचाच, त्याला कसलं घाबरायचं!

पण थंडीला घरचं-बाहेरचं कळत नाही. हवा १० अंश असेल आणि तुम्ही ताशी ६०च्या वेगाने जात असाल, तर उघड्या कातडीला ती ५ अंशांसारखी लागते. तीही पाच मिनिटं नाही, दोन-तीन तास. आधी बोटं बधिर होतात. ब्रेक दाबायचा असतो, पण हात पटकन मिटत नाही. त्या वेगात एका सेकंदात गाडी १६ मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. नंतर अंग कुडकुडतं, मग उगाच चिडचिड होते आणि मग माणूस गप्प होतो. मागे बसलेला गप्प झाला की आपल्याला वाटतं, दमला असेल. त्याचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर दोनदा टकटक वाजलं, तर तो पेंगतोय. (मागच्याच्या डोक्यावरही हेल्मेट हवंच, हे गृहीत धरतोय. कायदाही तेच सांगतो.)

पाचगणीनंतर पसरणी घाट लागतो. 'पेट्रोल वाचतं' म्हणून तिथे गाडी न्यूट्रल करून सोडणारे वीर प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. अरे, गिअरमध्ये असलेलं इंजिन उतारावर गाडीला मागे धरून ठेवतं. ते काढून घेतलं की सगळा भार ब्रेकवर, आणि ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. घाट उतरल्यावर थंडी संपली, हाही भ्रमच. थंड हवा जड असते, रात्री ती खालच्या खोऱ्यात साचते. त्यातून उसाच्या गाळपाचे दिवस. अंधारात ट्रॅक्टरमागची ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. यावर एक वेगळा अग्रलेख लिहायला हवा, पण तो कारखाने आणि प्रशासनासाठी.

हे सगळं तुम्हाला थोडंफार माहीत असतं. तरी थांबत का नाही?

माझ्या कॉलेजच्या दिवसांतली गोष्ट. अशाच एका रविवारी रात्री आम्ही आठ जण घाट उतरून वाईत चहाला थांबलो. मला हेल्मेटचा पट्टा सुटेना. वाटलं, आपलंच असं झालंय, बोलायचं कशाला. समोर एक मित्र दोन्ही हातांत चहाचा ग्लास धरून नुसता उभा होता, पीत नव्हता. शेवटी सगळ्यात कमी बोलणारी मैत्रीण म्हणाली, "मी आता गाडीवर बसणार नाही." आम्ही चिडलो. सकाळी प्रॅक्टिकल होतं. पण खरी अडचण वेगळीच होती. आठातल्या पाच जणांनी घरी सांगितलं होतं, 'मित्राकडे अभ्यासाला जातोय.' थांबायचं तर घरी फोन करावा लागणार आणि थाप उघडी पडणार. ती झाकायला आम्ही बधिर हातांनी अजून ८० किलोमीटर जायला तयार होतो.

मैत्रीण हलली नाही. मग एकाने घरी फोन लावला. भरपूर बोलणी खाल्ली. आम्ही सगळे कान देऊन ऐकत होतो. शेवटी पलीकडून त्याच्या बाबांनी विचारलं, "राहायला पैसे आहेत का?"

म्हणून सांगतो, ट्रिपला कुठे जाताय ते घरी खरं सांगा. परवानगी मिळणार नाही, ही भीती खरी आहे. पण घरी फोन करता येत नाही अशा जागी स्वतःला अडकवू नका. आणि आई-बाबा, हे पान तुम्हीही वाचता, हे आम्हाला माहीत आहे. रात्री नऊ वाजता असा फोन आला, तर ओरडायचंय ते उद्या ओरडा. आज फक्त 'थांबा' म्हणा.

ग्रुपवर प्लॅन टाकताना परतीची वेळही लिहा. दुपारी दोनला निघालात तर दोन्ही घाट उजेडात होतात, सूर्यास्त शनिवारी बघता येतो. आणि निघण्याआधीच ठरवा : कुणीही 'थांबूया' म्हणालं की थांबायचं, कारण विचारायचं नाही, नंतर चिडवायचं नाही. जॅकेट पातळ असेल तर आत छातीवर वर्तमानपत्राची दोन-तीन पानं घाला, वारा अडतो. हे पानही चालेल.

आम्ही त्या रात्री वाईत एका लॉजच्या दोन खोल्यांत राहिलो. सकाळी दहाला, ऊन अंगावर घेत निघालो. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर तेव्हा ते एस आकाराचं वळण लागायचं, अपघातांच्या बातम्यांतलं. भर उजेडातसुद्धा ते एकदम समोर आलं. मैत्रिणीची गाडी सगळ्यांत पुढे होती. ती सावकाश वळली आणि आम्ही एकामागोमाग एक तिच्यामागून गेलो.