हिशेबाचा रकाना

‘एमएस-सीआयटी’चं प्रमाणपत्र आता कितीतरी घरांत आहे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या या अभ्यासक्रमाने गावोगावच्या मुली-सुनांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. पण बहुतेक जणी तो करतात नोकरीच्या अर्जासाठी. मग प्रमाणपत्र फाइलीत जातं आणि शिकलेलं एक्सेल विसरलं जातं.

कोल्हापुरात कांदा-लसूण चटणी करून विकणारे बचत गट पाहा. मिरची किती, खोबरं किती, बायकांना सगळं तोंडपाठ! हिशेब मात्र कुणाचा तरी मुलगा लिहितो. आपल्या कष्टाचा नफा त्याला विचारायचा?

मैत्रिणींनो, एका रकान्यात वजन, दुसऱ्यात दर, तिसऱ्यात गुणाकाराचं सूत्र. खाली बेरीज. मिरचीचा भाव चढला की तेवढाच आकडा बदलायचा, एकूण खर्च आपोआप बदलतो. मजुरीचीही ओळ घाला (ती आपण हमखास विसरतो). जुन्याच दराने विकत राहिलो तर किती तोटा, हे तिथं लगेच दिसतं. बँकेत कर्ज मागताना हाच कागद पुढे ठेवता येतो.

कॉमर्सला शिकणारी लेक घरात असेल तर तिला शेजारी बसवा. माऊस मात्र तिच्या हाती देऊ नका!