कपाट आवरायला काढू या





या अंकाच्या संपादकीयासाठी मी विषय निवडला आहे तो नोकरी करणाऱ्या बाईच्या कपड्यांच्या कपाटाचा. आमच्या गटातल्या एका जुन्या कार्यकर्तीने लगेच विचारले, "पोटगी, जमीन, दारू असे जळते प्रश्न पुढ्यात असताना हे काय मधेच?" तिचा प्रश्न रास्त आहे. पण यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, पांढरकवडा इथे नोकरदार बायांच्या बैठका घेताना एक गोष्ट सारखी दिसली. पगार, बदली, पाळणाघर यांवर बोलून झाले की चहाच्या वेळी, थोड्या दबक्या आवाजात, हा विषय निघायचाच. कामावर काय घालायचे? साडीच का? ड्रेस चालेल का? जीन्स घातली तर साहेब काय म्हणतील, सासू काय म्हणेल, गल्ली काय म्हणेल? इतक्या जणींच्या तोंडून जो प्रश्न येतो, तो क्षुल्लक म्हणून बाजूला सारायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत या प्रश्नाचे उत्तर दर महिन्याला छापून येते. वर्षभरात न वापरलेले कपडे काढून टाका, दोन काळ्या पँट आणि एक ब्लेझर घ्या, की झालात तुम्ही आधुनिक! यवतमाळचा पारा मे महिन्यात ४४-४५ अंशांवर जातो. पंखाही धड न चालणाऱ्या पंचायत समितीच्या खोलीत ब्लेझर घालून बसणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. हा सल्ला वातानुकूलित कचेरीत बसून लिहिलेला असतो आणि त्याचा शेवट नवीन खरेदीत होतो. आपल्याला कपाट आवरायचे आहे, पण वेगळ्या कारणासाठी.

आधी कपाट उघडून नीट बघू या. एका बैठकीत आम्ही प्रत्येकीला एवढेच विचारले, की तुमच्या कपाटात किती साड्या आहेत, आणि त्यांतल्या किती तुम्ही स्वतः, स्वतःच्या पसंतीने, स्वतःच्या पैशांनी घेतल्या? बोटांवर मोजायला सुरुवात झाली आणि थोड्याच वेळात खोलीत शांतता पसरली. लग्नातल्या मानपानाच्या, बारशाच्या, ओटीच्या, दिवाळीच्या, भावजयीने दिलेल्या, नणंदेने नको म्हणून सोडलेल्या अशा साड्यांनी कपाट भरलेले. बऱ्याचशा साड्या घडीसुद्धा न मोडता पुढच्या आहेरात देण्यासाठी ठेवलेल्या. दरमहा पगार घरी आणणाऱ्या बाईच्या कपाटातही तिची स्वतःची निवड शोधावी लागते. मग ती सकाळी कपाटासमोर उभी राहून "घालायला काहीच नाही" म्हणते तेव्हा आपण तिला हसतो. ती खरेच बोलत असते.

बाईने काय नेसावे हे ठरवण्याचा हक्क कोणाचा, हा वाद आजचा नाही. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिताना पुरुषांना हाच टोला लगावला. तुम्ही वाडवडिलांची पागोटी टाकून साहेबाचे कपडे चढवलेत तेव्हा धर्म बुडाला नाही, मग रीतीभाती सांभाळायचा ठेका बाईनेच का घ्यायचा, असा त्यांचा सवाल होता. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला गेल्या. नऊवारी नेसल्यावर पोटऱ्या उघड्या राहत आणि तिथली थंडी सोसवत नसे, म्हणून त्यांनी गुजराथी पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. साडी त्यांनी सोडली नाही, पण कामाला आणि हवेला जुळेल अशी ती बदलून घेतली. हा निर्णय त्यांचा त्यांनी घेतला.

आणि डिसेंबर १९२७ मधले महाड आपण कसे विसरू? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या स्त्रियांना सांगितले की गुडघ्यापर्यंत लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जडशीळ दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाकून द्या. कपड्यावरून जात ओळखायची सोय समाजाने करून ठेवली होती, त्या सोयीवरच त्यांनी बोट ठेवले. महाडहून निघण्यापूर्वीच कित्येक जणींनी नेसण्याची पद्धत बदलली. विदर्भातल्या आपल्या आज्यांनीही नंतरच्या काळात हा बदल अंगावर घेतला आणि त्यापायी गावकऱ्यांची बोलणी खाल्ली. कपडा ही चैन आहे असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास एकदा वाचावा. त्या बायांसाठी पायघोळ नेसलेले लुगडे म्हणजे माणूस म्हणून उभे राहणे होते.

आता अलीकडचे पाहू. ८ डिसेंबर २०२० रोजी राज्य सरकारच्या सामान्य प्रशासन विभागाने शासकीय कार्यालयांतील पेहरावाबद्दल परिपत्रक काढले. ते कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू होते. स्त्रियांनी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, पँटवर कुर्ता किंवा शर्ट, आणि गरज असल्यास दुपट्टा घ्यावा. गडद रंग, विचित्र नक्षीकाम, चित्रे नकोत. जीन्स आणि टी-शर्ट बंद, स्लिपर बंद. शुक्रवारी खादी. मार्च २०२१ मध्ये जीन्सवरची बंदी उठवली, टी-शर्टची ठेवली. मग १५ मार्च २०२४ रोजी शिक्षकांसाठी वेगळा आदेश आला. त्यात जीन्स पुन्हा वर्ज्य ठरली, आणि शिक्षिकांसाठी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा असे ठरवून दिले गेले.

सरकारी कचेरीत माणसाने नीटनेटके यावे, याला कोणाची हरकत असेल? पुरुषांनाही नियम होतेच. पण एकच नियम दोघांच्या अंगावर सारखा बसत नाही. पुरुषाने शर्ट-पँट घातली की विषय संपतो. बाईच्या बाबतीत तिथून विषय सुरू होतो. 'गडद' रंग कोणता हे कोण ठरवणार? 'गरज असल्यास दुपट्टा' यातली गरज कोणाची, तिची की बघणाऱ्याची? परिपत्रकात ज्या जागा मोकळ्या राहतात त्या कचेरीतला सर्वांत जुनाट विचारांचा माणूस भरून काढतो. एका कार्यालयात नव्याने लागलेल्या मुलीला कुर्ता-पँट नियमात बसत असूनही "आपल्याकडे साडीच नेसतात" असे सांगण्यात आले. सांगणारे साहेब स्वतः रोज सँडलमध्ये शर्ट बाहेर काढून येत होते.

यात आपल्या जिल्ह्यापुरती एक गंमत आहे. ज्या जीन्सच्या कापडाला कचेरीत अप्रतिष्ठित मानले गेले, ते डेनिमचे कापड यवतमाळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत तयार होते. कापूस आपल्या मातीतला, वेचणाऱ्या हातांत बहुतेक बायांचे हात. खादीचा आग्रह धरला जातो, तर सेवाग्राम शेजारच्याच जिल्ह्यात. पण कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर मात्र पॉलिस्टरची साडी, कारण सुती साडी तिला परवडत नाही. शुक्रवारी खादी घाला असे सांगताना कंत्राटी डेटा ऑपरेटरच्या पगारात ती बसते का, हे कोणी विचारले नाही. नियमाचा खर्च नेहमी सगळ्यांत कमी पगाराच्या बाईला जास्त लागतो.

याहून गंभीर गोष्ट आहे ती तक्रारीच्या वेळची. कामाच्या ठिकाणी छळ झाला म्हणून बाई बोलायला उभी राहिली, की पहिला प्रश्न येतो, "त्या दिवशी काय घातले होते?" १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, २०१३ मध्ये कायदा झाला. त्या कायद्यातली लैंगिक छळाची व्याख्या समोरच्याच्या नकोशा वागण्यावर उभी आहे. बाईच्या कपड्यांचा तिथे संबंधच नाही. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणच्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. या समित्यांवर तुमच्यापैकी ज्या कोणी असतील त्यांना माझी विनंती आहे. कपड्यांचा प्रश्न आला, की तो विचारणाऱ्याला तिथेच थांबवा आणि तसे लेखी नोंदवा.

मात्र कपड्यांवरचा सर्वांत जड पहारा मला परिपत्रकात दिसला नाही, तो एका पेटीत दिसला. नाव-गाव सांगत नाही. नवऱ्याने शेतात विष घेतले तेव्हा तिचे वय सत्तावीस. बारावी झालेली होती, नंतर एमएस-सीआयटी केले आणि तालुक्याच्या एका कचेरीत कंत्राटावर काम मिळाले. पहिल्या महिनाभर ती दोनच फिक्या साड्या आलटून पालटून नेसत होती. पैसे नसतील म्हणून आम्ही विचारले, तर म्हणाली, "मले नवी साडी घ्याची नाही ताई. पेटीत चांगल्या साड्या आहेत. पण त्या नेसल्या तं लोक काय म्हणतीन?" हिरवी, मोरपंखी, डाळिंबी, सगळ्या घड्या करून ठेवलेल्या. कचेरीतला नियम गडद रंग नको म्हणतो, गावातला नियम तर तिला रंगच नको म्हणतो. दोन्ही नियमांत तिला कोणी काही विचारलेले नाही.

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे यांना गावानेच नकार दिला. पाठोपाठ १७ मे रोजी ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. शेतकरी आत्महत्यांनी ज्या जिल्ह्यात इतक्या तरुण बाया एकट्या पडल्या, त्या आपल्या जिल्ह्यात हा ठराव गावोगाव व्हायला हवा. पण ठराव झाला तरी पेटी आपोआप उघडत नाही. आमच्या मैत्रिणीची पेटी उघडली ती गटातल्या चौघी सवाष्ण आणि दोघी विधवा बाया एके दिवशी ठरवून एकाच रंगाच्या साड्या नेसून आल्या तेव्हा. सहा जणींमध्ये विधवा कोण, हे त्या दिवशी साडीवरून कोणाला ओळखता आले नाही. दुसऱ्या सोमवारी ती मोरपंखी साडी नेसून कामावर गेली. कुजबूज झाली, आठवडाभर टिकली आणि थांबली.

म्हणून आपल्या गटांनी एक बैठक कपाटासाठी ठेवावी, असे मी सुचवते. घरी जाऊन कपाटाचे तीन भाग करा. जे कामाला सोयीचे आहे आणि मनाला आवडते ते एका बाजूला. जे दुसऱ्या कोणाच्या भीतीने घालतो ते दुसऱ्या बाजूला. आणि आवडत असून भीतीने घालत नाही ते तिसऱ्या बाजूला. मग बैठकीत फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाबद्दल बोला. कोणाची भीती? ती कमी करायला कोण सोबत येईल? जिला साडीच आवडते तिने खुशाल साडी नेसावी. जीन्स घातली म्हणजे बाई मुक्त झाली, असले खुळचट समीकरण आपल्याला मांडायचे नाही.

सोयीचा विचार मात्र मोकळेपणाने करा. कुर्त्याला खिसा शिवून घ्या. पैसे, मोबाइल, किल्ली स्वतःजवळ असणे ही लहान गोष्ट नाही. दुचाकीवर बसताना साडी आणि ओढणीकडे लक्ष असू द्या. मागे बसणाऱ्यासाठी चाकाचा बराच भाग झाकणारी जाळी असावी, असे मोटार वाहन नियमच सांगतात. म्हणजे बाईच्या पदरासाठी गाडी बदलता येते, तर कचेरी का बदलू नये? पाळीच्या दिवसांत साडी सांभाळत ज्या संडासात जावे लागते तिथे कडी, पाणी आणि खुंटी आहे का, हे आधी तपासा आणि मग आमच्या पेहरावाची चर्चा करा, असे आपण साहेबांना लेखी कळवू या.

आणि जे कपडे काढाल त्यांचे काय? चांगल्या साड्या गटातच अदलाबदलीने वापरता येतील. जुन्या मऊ सुती साडीची गोधडी होते, उरलेले बोहारणीला द्या. तिच्याशी घासाघीस करताना ती डोक्यावरचे ओझे घेऊन दारोदार फिरते, हे लक्षात ठेवा. घरकामाला येणाऱ्या बाईला फाटके देऊन उपकार केल्याचा आव आणू नका. तिचा पगार वेळेवर द्या, तिची साडी ती निवडेल.

तुमच्या कपाटात तुम्ही स्वतः निवडलेल्या साड्या किती निघाल्या, तुमच्या कचेरीत पेहरावाबद्दल काय सांगितले जाते, हे आम्हाला पत्राने जरूर कळवा. नाव छापायचे नसेल तर तसे लिहा. पुढच्या अंकात ही पत्रे एकत्र छापू आणि त्यांच्या आधारे जिल्हा परिषदेला द्यायचे निवेदन तयार करू. निवेदनातली पहिली मागणी आमच्या बैठकींतून पक्की झाली आहे: पेहरावाचा कोणताही नियम करण्याआधी तिथे काम करणाऱ्या स्त्रियांना, कंत्राटी स्त्रियांसह, विचारले पाहिजे.