अण्णांची जीप

या सदरांत आजवर आम्हीं लोणच्याच्या बरणीपासून मुंजीच्या खर्चापर्यंत नाना विषय हाताळले. परंतु पत्रा, गंज आणि वेल्डिंग यांविषयीं आपणांस कधीं लिहावें लागेल असें आम्हांस स्वप्नींहि वाटलें नव्हतें. छत्तीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेतलेल्या माणसानें साठी उलटल्यावर हातोडी हातीं घ्यावी, याचें हसूं आमच्या घरांत प्रथम झालेंच आहे. वाचकांनींहि आपला वांटा घ्यावा आणि मग पुढें वाचावें.

आमच्या वाईच्या वाड्याच्या मागील अंगणांत, चिंचेखालीं, आमचे थोरले बंधु कै. अण्णा यांची जीप पंधरा वर्षें उभी होती. अण्णा शेती पाहत, आम्ही शाळा पाहत असूं. पावसाळ्यांत शेतावर जाण्यास चारहि चाकांना जोर मिळणारें तेंच एक वाहन होतें. अण्णांच्या मागें तिला कोणीं हात लावला नाहीं; दोन वेळां मांजर मात्र तिच्यांत व्यालें. गेल्या वर्षीं भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला व तो आमच्या पुतण्यास पटलाहि. त्या संध्याकाळीं वहिनी ओसरीवर येऊन म्हणाल्या, "विकायची तर विका, भाऊजी; पण पालापाचोळा भरलेली अशी नका देऊं." केवळ झाडून द्यावी एवढाच त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता. आम्ही तो थोडा लांबविला.

पुतण्याचा मुलगा ती महायुद्धांतील जीप समजून हर्षभरित झाला होता. त्याची समजूत आम्हांस मोडावी लागली. अमेरिकेच्या सैन्यानें १९४० सालीं हलक्या गाडीची मागणी केली, तिचा पहिला नमुना बॅंटम या लहानशा कंपनीनें बांधला, आणि १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत विलिज व फोर्ड या दोघांनीं मिळून सहा लाखांवर जीपा तयार केल्या. युद्धानंतर विलिजनें नागरिकांसाठीं निराळ्या जाती काढल्या, व १९४७ पासून महिंद्रांनीं सुटे भाग मागवून त्या मुंबईंत जोडण्यास आरंभ केला. आमची गाडी १९६८ सालची, सीजे-थ्री-बी या जातीची. विलिजनें ही जात १९५३ मध्यें काढली, तेव्हां नवें एंजिन जुन्याहून उंच भरल्यामुळें बॉनेटहि उंच करावें लागलें. म्हणून समोरून पाहतां हिचें कपाळ अंमळ मोठें दिसतें. युद्धांतील बहुतेक जीपांच्या तोंडावर नऊ उभ्या फटी असत, हिला सात आहेत. नातवानें तीन वेळां मोजून पाहिल्या, पण आठवी कांहीं सांपडली नाहीं.

मार्गशीर्षांत कामास आरंभ झाला. ज्यांच्या घरीं असा कांहीं बेत असेल त्यांनीं सर्वांआधीं पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी व बॅटरीच्या तारा सोडाव्या. या जीपची टाकी चालकाच्या आसनाखालीं असते. ती रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहूं नये. टाकींत उरलेली वाफ पेट्रोलाहूनहि घातक, आणि टाकीवर घरीं वेल्डिंग करणें म्हणजे मरणास निमंत्रण होय. गंजलेल्या बोल्टांना आम्हीं आठ दिवस रोज तेल पाजलें. तरी निम्मे तुटलेच. आमच्या सौभाग्यवतींनीं मसाल्याचे रिकामे डबे दिले, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटविली, आणि नातवानें प्रत्येक भागाचें छायाचित्र काढून ठेवलें. या दोन गोष्टी झाल्या नसत्या तर ती गाडी आजहि डब्यांतच असती. शेवटीं आळींतल्या आठ जणांनीं वरचा पत्र्याचा सांटा सांगाड्यावरून उचलून लाकडी ओंडक्यांवर ठेवला.

पत्रा कोठें चांगला व कोठें कुजका हें डोळ्यांस दिसत नाहीं, कानांस कळतें. लहान हातोडीनें टकटक करीत जावें. निरोगी पत्रा खणखणीत बोलतो. कुजलेला किंवा पुट्टीनें भरलेला भदभदतो. जुना रंग खरवडतांना तोंडावर फडकें नव्हे, चांगला मुखवटा बांधावा व पाण्यानें भिजवून घासावें, कारण त्या काळच्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. लहान मुलांस तेथें फिरकूं देऊं नये. गंजास संस्कृतांत मंडूर म्हणतात, व वैद्यलोक त्याचें भस्म करून पांडुरोगावर देतात. पण पत्र्याच्या पोटीं तो औषध नव्हे. लोखंडाचा गंज झाला कीं त्याचें आकारमान वाढतें, आणि दोन पत्र्यांच्या सांध्यांत शिरलेला गंज तो सांधा पाचरीसारखा उचकटीत जातो.

अशी टकटक करीत आम्ही चालकाच्या पायाखालच्या जागेपाशीं आलों आणि थांबलों. तेथें काय आहे हें आम्हांस ठाऊक होतें.

१९९४ सालीं अण्णांनीं तो पत्रा बदलून आणण्यास आम्हांस धाडिलें होतें. कारागिरानें दोन भाव सांगितले. कुजका भाग कापून नवा घालण्याचा एक, आणि वरूनच पातळ पत्रा टांचून डांबर फांसण्याचा दुसरा, निम्म्या पैशांत. त्या वर्षीं घरांत एक लग्न होतें. आम्हीं दुसरा पत्करला व घरीं येऊन "नवा पत्रा घातला" असें सांगितलें. तें अगदींच खोटें नव्हतें. खोटें बोलण्याची ती शिकल्यासवरल्यांची रीत आहे. २००९ च्या श्रावणांत शेतावरून येतांना ब्रेक दाबावयास अण्णांचा पाय गेला तो पत्र्यांतून आरपार. गाडी बांधाला टेकून थांबली म्हणून निभावलें. पोटरी मात्र फाटली व जखम दोन महिने वाहिली. "आतां वय झालें," असें म्हणून त्यांनीं किल्ली खुंटीला लाविली ती पुनः काढली नाहीं. २०१६ त ते गेले. जीपचें वय झालें असें ते म्हणत होते कीं स्वतःचें, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

डांबर खरवडतांच आमचा तो टांचलेला पत्रा वर आला, आणि त्याखालीं पंचवीस-तीस वर्षें ओल धरून बसलेली तांबडी भुकटी. त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्हीं वहिनींस सर्व सांगितलें. त्या बराच वेळ वाती वळीत राहिल्या. मग म्हणाल्या, "आतां तरी खालचा सगळा कापा." एवढेंच. त्याउपर आजतागायत त्यांनीं तो विषय काढलेला नाहीं, आणि आम्हांसहि काढण्याचें धैर्य झालेलें नाहीं.

व्याकरणांत आगम मित्रासारखा शेजारीं येऊन बसतो, आदेश शत्रूसारखा पहिल्यास हुसकून त्याच्या जागीं बसतो, असें आम्ही मुलांस शिकवीत असूं. पत्र्याच्या कामीं मित्र नको, शत्रूच हवा. कुजका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढावा, पुठ्ठ्याचा नमुना करून अठरा गेजचा, म्हणजे सुमारें सव्वा मिलिमीटर जाडीचा तुकडा बेतावा, व तो कडेला कड लावून जोडावा. जोडकाम आम्हीं केलें नाहीं; शेजारचा तरुण वेल्डर येत असे. त्याची रीत पाहण्याजोगी होती. एक ठिपका इकडे, दुसरा पार तिकडे, मध्यें विडीपुरती विश्रांति. कारण विचारतां तो म्हणाला, "गुरुजी, सलग ओढली तर उष्णतेनें पत्र्याचा पापड होतो." एवढी शास्त्रशुद्ध उपमा आमच्या वर्गांत फारशी ऐकूं आली नव्हती. तळाच्या पोकळ आडपट्ट्यांना त्यानें पाणी निथळण्यास भोंकें ठेविलीं. आसनाखालचें रबरी अंथरूण आम्हीं कायमचें काढून टाकलें. तें वरून कोरडें दिसतें व खालीं तळें सांठवितें.

पुतण्याचें म्हणणें, इंग्लंडांत १९४८ सालीं निघालेल्या लॅंड रोव्हरसारखा अॅल्युमिनियमचा सांटा असता तर ही पीडाच नव्हती. युद्धानंतर पोलाद मिळेना म्हणून त्या लोकांनीं तें वापरलें हें खरें. परंतु पोलाद व अॅल्युमिनियम ओलाव्यांत एकमेकांस टेकलीं कीं अॅल्युमिनियम झिजत जातें, आणि त्या गाडीचा सांगाडा पोलादाचाच असतो.

चैत्रांत सर्व पत्र्यावर तांबडा प्रायमर दिला आणि आम्ही कृतकृत्य होऊन बसलों. ही आमची चूक. हा प्रायमर सच्छिद्र असतो. वरचा रंग दिल्यावांचून तो पाणी अडवीत नाहीं. वैशाखांत वळीव कोसळला, छपराची ताडपत्री उडाली, आणि आठवड्यांत नव्या पत्र्यावर तांबडे डाग उमटले. पुनः घासणें आलें. पावसाळ्यांत रंग देण्याचा मोह वेल्डरनेंच मोडला. दमट हवेंत रंगावर पांढुरका धुरकटपणा येतो.

रंग कोणता द्यावा यावर घरांत पंधरा दिवस खल झाला. नातवास लष्करी हिरवा हवा होता. परंतु १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांनीं तो रंग संरक्षणखात्याच्या गाड्यांसाठीं राखला आहे. इतरांस तो देतां येत नाहीं. दुसरा कोणताहि द्यावा तर नोंदणीपुस्तकांत फेरनोंद करणें आलें. डॅशबोर्डाच्या मागल्या बाजूस, जेथें ऊन कधीं पोंचलें नाहीं तेथें, हातभर जुना करडा रंग अगदीं ताजा सांपडला. वहिनींनीं तो पदरानें पुसून पाहिला, आणि खल संपला. दसऱ्यानंतर कोरडी हवा पाहून तोच रंग दिला.

एंजिन अद्याप बोललेलें नाहीं. तें प्रकरण निराळें असून त्यांत आमचें संस्कृत उपयोगी पडेल असें दिसत नाहीं. परवां भंगारवाला पुनः डोकावला. आम्ही उत्तर देण्यापूर्वींच स्वयंपाकघरांतून वहिनींचा आवाज आला, "भाऊजींचें काम चाललें आहे अजून. पुढच्या वर्षीं या."