दोन लिप्यांचा लॅपटॉप

"चाचा, हा घ्यायचा की तो?" पुतणीने मोबाइलवरचे दोन फोटो माझ्यापुढे धरले. तिला चंद्रपूरला बी.एड.ला प्रवेश मिळाला आहे. आमच्या घरातून शिक्षक होणारी ती दुसरी, पहिला मी. दर शनिवारी ती एसटीने चामोर्शीला उतरणार, तिथून ऑटोने मार्कंड्याला घरी येणार आणि सोमवारी पहाटे परत जाणार. भाईजानचे म्हणणे असे, की तेवढ्याच पैशांत मोठा, गेम खेळायचा लॅपटॉप मिळतो आहे, तर लहान कशाला? दुकानदारानेही त्यांना तेच पटवले होते.

मला ते पटले नाही. तो मोठा लॅपटॉप अडीच किलोच्या आसपास भरतो, त्याचा चार्जर वेगळा. त्यात पुस्तके, डबा, कपडे. भरलेल्या एसटीत उभ्याने जाणारी मुलगी दोन आठवडे तो उचलेल, तिसऱ्या आठवड्यापासून तो खोलीवरच राहील. शिवाय अशा यंत्राची बॅटरी लवकर उतरते आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. चौदा इंची, सव्वा ते दीड किलोचा आणि टाइप-सी चार्जरवर चालणारा लॅपटॉप तिच्यासोबत फिरेल. वजन बघताना चार्जरही हातात घेऊन बघावा.

आता काम कोणते, ते पाहू. पाठ टाचण, प्रश्नपत्रिका, निकालपत्रक, बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ. पुढे नोकरी लागली की यू-डायस प्लस आणि शालार्थ. ही शेवटची दोन्ही तर ब्राउझरमध्येच उघडतात. यातल्या कशालाच महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ८ जीबी रॅम ही किमान गरज, १६ मिळाली तर उत्तम. साठवणीसाठी एसएसडी हवी. जुना लॅपटॉप स्वस्तात घेणार असाल, तर त्यावर विंडोज ११ चालते का ते आधी विचारा, कारण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि जंगलपट्ट्यात नेटवर्क येते-जाते, म्हणून लिहिण्याचे सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय चालणारे असावे. लिबरऑफिस फुकट मिळते, त्यात मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येतात.

पण माझा खरा आग्रह लिपीचा आहे, आणि तो एका चुकीतून आला आहे.

काही वर्षांपूर्वी मी उर्दू शाळेवर असताना तिसरीची प्रश्नपत्रिका घरी टाइप केली आणि पेनड्राइव्हवर घेऊन छापायला दिली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर नस्तालीक फॉन्ट नव्हता. सगळा मजकूर नस्ख वळणात बदलला, ओळी सरकल्या. मी घाईत न बघताच गठ्ठा उचलला. परीक्षेत एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "सर, ये तो अरबी का पेपर है." तिने ते वळण फक्त अरबीच्या कायद्यात पाहिले होते, तिचे उर्दूचे पुस्तक नस्तालीकमध्ये होते. येणारी उत्तरे तिने त्या दिवशी लिहिली नाहीत. पीडीएफ करून नेली असती तर हे टळले असते. दोष माझा होता.

नस्तालीक यंत्राला सहज वश झालेली नाही. उर्दू वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे कातिब हाताने लिहीत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून नूरी नस्तालीक तयार झाली, त्यासाठी हजारो जोडतुकडे हाताने काढावे लागले. १९९४ मध्ये इनपेज आले आणि उर्दू छपाईचे चित्र पालटले. आज युनिकोडमुळे नस्तालीक फॉन्ट फुकट मिळतात. तरीही आपल्यातले कितीतरी शिक्षक मराठी जुन्या फॉन्टमध्ये आणि उर्दू जुन्या फाइलींमध्ये अडकवून बसले आहेत. कॉम्प्युटर बदलला की आपलाच मजकूर आपल्याला वाचता येत नाही.

म्हणून पुतणीला सांगितले, की दुकानात पैसे देण्याआधी दोन ओळी टाइप करून बघ. मराठीत 'दुसऱ्या वर्गातील विद्यार्थी' लिही, 'ऱ्या' नीट उमटतो का पाहा. उर्दूत टे, ड़े, दो-चश्मी हे आणि बडी ये येणारे शब्द लिही. मग एकाच ओळीत मराठी नाव, उर्दू वाक्य आणि गुण लिही. आकडा किंवा पूर्णविराम भलत्या टोकाला उडी मारत असेल, तर तिथेच सेटिंग करून घे. नस्तालीक फॉन्टही तिथेच टाकून घे. दुकानदार हसेल, हसू दे.

मार्कंड्याला वैनगंगा वळून उत्तरेकडे वाहते, म्हणून लोक तिला पवित्र मानतात. आपल्या घरात एक भाषा डावीकडून आणि दुसरी उजवीकडून चालते. ती अडचण आहे असे मुलांना वाटू लागले, तर त्याला आपण शिक्षकच जबाबदार असू.

भाईजान अखेर राजी झाले. पुतणीने दुकानात पहिला शब्द टाइप केला तो दादीचे नाव, आधी उर्दूत, मग मराठीत. दोन्ही नीट उमटले, मग पैसे दिले.