डिप्पर कोणासाठी?

बंगळूरचा जे. सी. रोड म्हणजे मोटारींच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ. तिथल्या दुकानांत आता हेडलाईटच्या बल्बांची खोकी सर्वांत पुढे मांडलेली असतात. खोक्यावर पांढराशुभ्र झोत, मोठमोठे वॅटचे आकडे आणि 'दुप्पट प्रकाश' अशी आश्वासने. जुना बल्ब काढायचा, नवा घुसवायचा, दहा मिनिटांत काम. रात्री गाडी चालवणाऱ्याला याचा मोह पडावा यात नवल नाही. मात्र समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, त्याला क्षणभर रस्ताच दिसेनासा होतो. तक्रारी इतक्या वाढल्या की जुलै २०२४ मध्ये कर्नाटक पोलिसांना डोळे दिपवणाऱ्या एलईडी दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीम काढावी लागली. वाहतूक व रस्ता सुरक्षा विभागाचे तेव्हाचे अतिरिक्त पोलीस महासंचालक आलोक कुमार यांनी ती जाहीर केली आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली खटले भरले गेले.

कामगारांच्या मासिकाने मोटारीच्या बल्बावर अग्रलेख लिहावा का, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. रात्री रस्त्यावर कोण असते ते पाहा, म्हणजे उत्तर मिळेल. नाईट पेट्रोलिंगला निघालेला ट्रॅकमन लाईनवर पोचण्याआधी रस्त्यावरूनच चालत जातो. फाटकावरचा गेटमन हातात दिवा घेऊन दोन्ही बाजूंच्या मोटारींसमोर उभा असतो. आर.एम.एस.मधला सॉर्टर पाळी संपवून अवेळी घरी निघतो. मेल मोटारचा ड्रायव्हर थैल्या घेऊन स्टेशन गाठतो. हिशोब जमा करून काळोख पडता पडता गावाकडे परतणारा ग्रामीण डाक सेवक सायकलवर किंवा मोपेडवर असतो. त्याला वेतन आयोग लागू नाही, मोटार कुठली! समोरच्या झोतात हे सगळे लोक गडप होतात. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि सुमारे २० टक्के पायी चालणारे. दिवसाच्या प्रहरांत सर्वांत जास्त अपघात संध्याकाळी ६ ते ९ या वेळात होतात. या सर्वांचे खापर बल्बावर फोडण्याचा आमचा इरादा नाही. पण मरणारा कोण आहे, हे या आकड्यांवरून कळते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती बाजूही आपलीच आहे. सातव्या वेतन आयोगानंतर आपल्या अनेक सभासदांनी मोटारी घेतल्या, बहुतेकांनी जुन्या. दहा-बारा वर्षांच्या गाडीच्या हेडलाईटचे प्लॅस्टिक उन्हाने पिवळे पडलेले असते, आतला आरसा काळवंडलेला असतो. सुट्टी मिळाली की ड्यूटी उतरून, बायकापोरांना घेऊन, बंगळूरहून रातोरात तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव करत कोल्हापूर-सातारा गाठायचे. हमरस्ता सोडून गावाकडे वळले की रस्त्यावर ना दिवे, ना कडेचा पांढरा पट्टा, आणि मध्येच बैलगाडी किंवा न दिसणारा गतिरोधक. अशा माणसाला 'आहे त्या दिव्यात भागव' असे सांगणे सोपे आहे. त्याची गरज खरी आहे. आमचा वाद आहे तो या गरजेवर बाजाराने जो उपाय विकला आहे त्याच्याशी.

हा उपाय काय करतो ते समजून घेऊ. आपल्याकडच्या बऱ्याच मोटारींत एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची व एक डिप्परची. डिप्परच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. ही वाटी तारेचा खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे उजेड आरशाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून परतून रस्त्यावर खाली उतरतो. भिंतीवर डिप्पर टाकून पाहिले तर वर अंधार, खाली उजेड अशी स्पष्ट रेघ दिसते. ती रेघ म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांना दिलेले संरक्षण. सारा खेळ मिलिमीटरचा आहे. तार आरशाच्या ठरलेल्या बिंदूवर असेल तरच रेघ उमटते. एलईडी बल्बात तार नसते, पट्टीच्या दोन बाजूंना चिपा बसवलेल्या असतात. त्यांचा आकार वेगळा, जागा थोडी पुढेमागे, आणि वाटीची नक्कल केलेली असली तरी ती बहुधा नावापुरतीच. मग उजेड वाटेल तिकडे उधळतो, रेघ विस्कटते, आणि डिप्पर टाकलेली गाडीसुद्धा समोरच्याला अप्परवर असल्यासारखी दिसते. समोरचा चिडून आपला अप्पर टाकतो. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

आणि ज्याने पैसे मोजले त्याला तरी जास्त दिसते का? इथे फसगत आहे. विस्कटलेला उजेड गाडीच्या नाकाशी दहा-पंधरा मीटरवर भरपूर पडतो, ड्रायव्हरला वाटते वा, काय लख्ख दिसते! जवळचा डांबर झगझगीत झाला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचे अंधुक होते. लांब पाहण्याचीच तर गरज असते. निळसर पांढरा उजेड दुकानात भारी वाटतो, पण धुक्यात आणि पावसात तोच उलटून डोळ्यांवर येतो. पन्नाशी ओलांडलेल्या, मोतीबिंदूची सुरुवात झालेल्या डोळ्यांना तर अशा उजेडाचा त्रास आणखी होतो. डोळे एकदा दिपले की पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. तीन सेकंद धरले तरी ५० मीटर आंधळ्याने गाडी हाकल्यासारखे झाले.

एलईडीच्या आधीचा उपाय होता १००/९० वॅटच्या हॅलोजनचा, आणि तो अजूनही विकला जातो. यातले गणित आपल्या टी.एल. विभागातल्या मंडळींना सांगायला नको. १२ व्होल्टवर ६० वॅटला ५ अँपिअर लागतात, १०० वॅटला ८ च्या वर, आणि असे दोन दिवे. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच वायरीत जवळजवळ पावणेतीन पट. स्टिअरिंगखालचा स्विच वितळतो, होल्डर जळतो, आरशाची कल्हई उडते. महिन्याभरात नवा बल्ब जुन्यापेक्षा मंद भासू लागतो, आणि मालक आणखी मोठ्या वॅटचा बल्ब शोधत पुन्हा दुकानात येतो.

कायदा या बाबतीत मुळीच गुळमुळीत नाही. कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ तर दिव्याचा झोत कायम खाली वळवलेला असावा, ८ मीटर अंतरावर आणि दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला तो दिपवू नये, इतके तपशिलात सांगतो. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ मात्र बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असे म्हणते. सभासदांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

पण आमचा प्रश्न वेगळा आहे. जो बल्ब रस्त्यावर लावणे गुन्हा आहे, तो भर बाजारात रोषणाई करून विकणे चालते कसे? चौकात पावती फाडली जाते ती शेवटच्या गिऱ्हाईकाची. आयात करणारा, घाऊक विकणारा, 'साहेब, काही होत नाही' म्हणून बसवून देणारा, सगळे सुखरूप. जर्मनीत हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब बसवायला २०२० पर्यंत बंदीच होती. त्या वर्षी ओसराम कंपनीच्या एका बल्बाला परवानगी मिळाली, तीसुद्धा ठरावीक मॉडेलांपुरती, प्रत्येक मॉडेलच्या दिव्यात चाचणी घेऊन. आपल्याकडे चाचणी होते ती समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर. मोटार कंपन्यांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. महागड्या गाडीला उत्तम दिवे आणि त्याच कंपनीच्या स्वस्त गाडीला जेमतेम मिणमिणते, हा कुठला न्याय? अंधार तर दोघांना सारखाच.

रेल्वेत हा प्रश्न फार पूर्वी सोडवला गेला आहे. इंजिनाचा हेडलाईट मान्यताप्राप्त बनावटीचाच असावा लागतो. कोणी लोको पायलट बाजारातून आवडीचा बल्ब आणून लावत नाही. दुहेरी मार्गावर समोरून गाडी येत असेल तर तो मंद करावा किंवा बंद करावा, स्टेशनात उभे असतानाही तसेच, हे आपल्या जनरल रूल्समध्ये लिहिलेले आहे आणि रोज रात्री पाळले जाते. समोरचा लोको पायलट आपला ओळखीचा असो वा नसो. वास्तविक दोन्ही गाड्या रुळांना बांधलेल्या, अंगावर येण्याचे भय नाही, तरीही हा नियम. कारण समोरच्याला सिग्नल दिसला पाहिजे आणि लाईनवरचा माणूस दिसला पाहिजे. एके काळी रस्त्यावरही याचा गावठी अवतार होता. ट्रक-बसच्या हेडलाईटचा वरचा भाग काळा रंगवलेला असे, नाहीतर मधोमध काळा टिपका असे. ट्रकच्या पाठीवर रात्री डिप्पर वापरण्याची विनंती तर आजही वाचायला मिळते. (शब्द इंग्रजीतून आला, पण आपल्या 'दिपणे'शी त्याचे नाते जुळावे, हा योग मोठा गमतीचा!)

मग जुन्या गाडीवाल्याने करायचे काय? प्रथम हेडलाईटची काच पॉलिश करून घ्यावी; पिवळी काच निवळली की निम्मे काम होते. नंतर बल्बाच्या होल्डरवर व्होल्ट मोजावेत. गंजलेला अर्थ आणि सैल जोड यांमुळे तिथे दहा टक्के व्होल्ट कमी पोचले तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून जोड साफ करून, गरज असल्यास रिले टाकून, तोच ६०/५५ वॅटचा चांगल्या कंपनीचा बल्ब दोन्हीकडे एकदम बदलावा. दिवा मूळचाच राहतो, रेघ शाबूत राहते. मग क्वार्टर्सच्या भिंतीसमोर सपाट जागी दहा मीटरवर गाडी लावून, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसवून, डिप्परची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली पडते का ते पाहावे आणि स्क्रूने जुळवावे. डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकड्यांचे एक चाक बऱ्याच गाड्यांत असते, त्याला कोणी हात लावत नाही. मागे तिघे बसले, डिकी भरली की गाडीचे नाक वर होते आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. ते चाक त्यासाठी आहे.

शाखांनी हा विषय पी.एन.एम.च्या आणि टपाल विभागाच्या मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेत घालावा, असे आम्ही सुचवतो. मागण्या साध्या आहेत. रेल्वे कॉलनीपासून स्टेशनपर्यंतच्या आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवर पुरेसे दिवे. गेटमन, ट्रॅकमन आणि अवेळी ये-जा करणाऱ्या टपाल कर्मचाऱ्यांना प्रकाश परतवणारी जाकिटे, दरवर्षी नवी. धुऊन धुऊन चमक गेलेले जाकीट अंगात असून नसल्यासारखे. खात्याच्या आणि कंत्राटदाराच्या गाड्यांचे दिवे सहा महिन्यांतून एकदा भिंतीवर तपासून त्याची नोंद ठेवणे. कंत्राटी गाडीला मालकाने चुकीचे दिवे लावले असतील तर चलनाचा भुर्दंड ड्रायव्हरच्या पगारातून कापू नये, हे लेखी घ्यावे. आणि बैठकीला जाण्यापूर्वी युनियनच्या कार्यालयाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या स्वतःच्या गाड्यांचे दिवे एकदा लावून पाहावेत. साहेब तोच प्रश्न पहिला विचारतील.