टाहोचं जूनमधलं पाणी

मे उजाडला की महाराष्ट्रातून कॅलिफोर्नियाकडे आईवडिलांची रीघ लागते. मुलगा किंवा लेक सॅन होजेला, नाहीतर फ्रीमाँटला. नातवंडांना सुट्टी लागली की एका शनिवारी सगळी वरात चारेक तासांवरच्या लेक टाहोला निघते. वर पोचावं तर आभाळ निरभ्र, ऊन चटका देणारं आणि पाणी इतकं नितळ की तळातले गोटे मोजून घ्यावेत. आजोबा शर्ट काढतात. 'अहो, मी विहिरीत शिकलोय,' असं सुनेला ऐकवतात आणि एखादा खडक हेरून सूर मारायला सरसावतात. पोहू नका असं सांगायची पाळी या सदरावर क्वचितच येते. आज आली आहे. निदान जूनमध्ये, आणि निदान सूर मारून तरी नको.

टाहोची पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १,८९७ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही अडीचशे मीटर वर. सर्वांत खोल जागी तळ ५०१ मीटर खाली. एवढा प्रचंड साठा तापायला वेळ घेतो आणि निवायलाही. म्हणूनच काठावर पुरुषभर बर्फ साचलं तरी हे सरोवर गोठत नाही. एमरल्ड बेसारखं एखादं आखात कधीमधी गोठतं, तेवढंच. आणि म्हणूनच उन्हाळ्यातही ते हवेच्या मागे रेंगाळत राहतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरचं पाणी पाच-सहा अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. मेअखेर दहा-बारा, जूनमध्ये साधारण बारा ते पंधरा. जुलैत सोळा-अठरापर्यंत चढतं आणि ऑगस्टात, फार तर सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, अठरा ते एकवीसपर्यंत येऊन थांबतं. दोनशे मीटरखाली तर बारा महिने चार-पाच अंशच.

आता आपल्याकडचं बघा. देशावरच्या विहिरीचं पाणी आपण 'गारेगार' म्हणतो, ते पंचवीस अंशांच्या घरात असतं. शर्यतीच्या तरणतलावाचं २५ ते २८. खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतींना तर किमान १६ अंशांची अट असते आणि १८ च्या खाली वेटसूट सक्तीचा असतो. म्हणजे टाहोच्या ज्या पाण्यात आजोबा चड्डीवर उतरणार आहेत, तिथे जूनमध्ये जागतिक दर्जाच्या जलतरणपटूंचीही शर्यत सुटणार नाही. त्यात अमेरिकेत आकडे फॅरनहाइटमध्ये. पाणी ५५ आहे असं कुणी सांगितलं की आपल्या कानाला ते ऊबदार वाटतं. प्रत्यक्षात ते तेरालाही पोचत नाही.

थंड पाण्याने माणूस गारठून मरतो, अशी आपली समजूत. गारठायला वेळ लागतो, धडधाकट प्रौढाला अर्ध्या तासाहून जास्त. घात होतो तो पहिल्या मिनिटात. पंधरा अंशांखालच्या पाण्यात अंग एकदम गेलं की त्वचा मेंदूला धोक्याची हाळी देते आणि छाती आपोआप एक खोल श्वास ओढते. ते आपल्या हातात नसतं. त्या क्षणी डोकं पाण्याखाली असेल, आणि सूर मारणाऱ्याचं असतंच, तर तो श्वास हवेचा नसतो, पाण्याचा असतो. पाठोपाठ धाप लागते, नाडी धावते, रक्तदाब उसळतो. मधुमेह, बायपास, रक्तदाबाची गोळी असलेल्या माणसाने हा जुगार खेळूच नये. इथे पट्टीचं पोहणं कामाला येत नाही, कारण पोहणं सुरूच झालेलं नसतं.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी या विषयात हयात घालवली. त्यांचं सूत्र सोपं आहे: एक मिनिट श्वास ताब्यात यायला, दहा मिनिटं हातपाय उपयोगाचे राहायला, एक तास शुद्ध हरपायला. त्यातली मधली दहा मिनिटं मला सगळ्यांत दगाबाज वाटतात. श्वास जागेवर आलेला असतो, पाणी 'अंगवळणी पडलंय' असं वाटतं, माणूस आत जात राहतो आणि परतताना हात जड होतात, बोटं फाकतात, पाय खाली जायला लागतात. नितळ पाण्यात काठही भलताच जवळ दिसतो. तेव्हा पोहायचंच असेल तर काठाला समांतर पोहा, छातीभर पाण्यात.

बरं, ऑगस्टात गेलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. इथे दुपारी नैर्ऋत्येचा वारा सुटतो. तो जोरात आणि सलग वाहिला की वरचं तापलेलं पाणी पूर्वेच्या, नेवाडाच्या काठाकडे ढकललं जातं आणि पश्चिम काठाला त्याच्या जागी खालचं थंडगार पाणी वर येतं. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं टाहोवर संशोधन केंद्र आहे, तिथले लोक हे चढउतार नोंदवत असतात. काही तासांत पाणी आठ-दहा अंशांनी उतरू शकतं. सकाळी पोरं जिथे डुंबली, तिथेच संध्याकाळी कळ लागावी इतकं गार. आणि वारा नुसतं पाणी गार करून थांबत नाही. २१ जून २०२५ ला अचानक उठलेल्या वादळात पश्चिम काठाजवळ एक बोट उलटली. दहा जणांपैकी आठ गेले. माझं मत विचाराल तर सकाळी दहाच्या आत, नेवाडाकडच्या सँड हार्बरसारख्या उथळ कोपऱ्यात, आणि शक्य असेल तर ऑगस्टअखेर.

उतरायचं ते पायऱ्या उतरल्यासारखं. आधी घोटे, मग मांड्या, मनगटं. मानेवर आणि तोंडावर पाणी मारा. 'शुभं करोति' न अडखळता म्हणता येईपर्यंत पुढे जाऊ नका, हा माझा घरगुती मापदंड. चुकून पडलातच तर हातपाय झाडू नका. उताणे व्हा, कान पाण्यात जाऊ द्या आणि धाप ओसरेपर्यंत तरंगत राहा. बोटीत लाइफ जॅकेट घाला. कॅलिफोर्निया आणि नेवाडा दोन्हीकडे चालत्या बोटीत तेरा वर्षांखालच्या मुलांना ते कायद्याने सक्तीचं आहे, त्यामुळे नातू जॅकेटात आणि आजोबा उघडे असा देखावा तिथे नेहमीचा. 'मला पोहता येतं की' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. बोटीतून पडलेला माणूस पहिलं मिनिट पोहत नसतो, एवढं वर आलंच आहे.

बाहेर आल्यावर अंग आणखी गार होत जातं, तेही अर्धा तासभर, कारण हातापायांतलं थंड रक्त आत परततं. हुडहुडी भरते ती बहुधा तेव्हाच. लगेच कढत शॉवरखाली धावू नका, चक्कर येते. ओले कपडे उतरवा, कोरडे कपडे एकावर एक चढवा, डोक्याला टोपी घाला, गरम काहीतरी घोटघोट प्या. बिअर मात्र नको. आणि गाडीची किल्ली तेवढा वेळ दुसऱ्याकडे द्या.